वाढत्या मापाच्या स्की

स्की किती रुंद असावी या विषयावर काहीच मत नाही, असा माणूस मला गेल्या ऑक्टोबरपासून भेटलेला नाही. मत नसलेला शेवटचा माणूस मीच होतो, आणि विकत घ्यायची वेळ नेमकी माझ्यावर आली.

झालं असं की आमची ऊर्जा, वय वर्षं तेरा, म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये, आमच्या भागातल्या स्की-फेराइनमध्ये, म्हणजे स्कीच्या मंडळात, टेलेमार्क शिकते. ज्यांना टेलेमार्क माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या स्कीमध्ये बूट पुढून-मागून घट्ट अडकवलेला असतो. टेलेमार्कमध्ये टाच मोकळी. वळताना एक पाय पुढे टाकायचा, दुसरा गुडघ्यात वाकवून मागे ठेवायचा, आणि असं बसत-उठत अख्खा डोंगर उतरायचा. लांबून बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस पाटावर जेवायला बसत होता आणि अर्ध्यात कुणीतरी त्याला हाक मारली. ऊर्जा हे करते तेव्हा सुंदर दिसतं. मी करतो तेव्हा लोक मदतीला धावतात.

हिवाळ्याच्या तोंडावर फेराइनने नवा नियम काढला. मुलांच्या टेलेमार्क गटाबरोबर दर शनिवारी एक पालक हवा, तोही टेलेमार्कवर. प्रत्येक घरातून एका माणसाने पाळी घ्यायची, आणि त्यासाठी जानेवारीत ट्रेनरबाईंसमोर मुलांच्या गटाबरोबर एक निळी पिस्ट, म्हणजे सोप्या उताराची वाट, उतरून दाखवायची. ज्या घरून पालक नाही, त्या घरच्या मुलाला यंदा गटात जागा नाही. बाकीच्या मुलांचे आईबाप बहुधा जन्माला आले तेच स्की घालून, त्यामुळे त्यांना आधीच मान्यता होती. परीक्षेला बसणारे आम्ही दोघंच, एक डॉक्टर ब्रांडल म्हणून दातांचे डॉक्टर, आणि दुसरा मी.

आमच्या घरातून माझ्याशिवाय उमेदवार नव्हता. बर्फावर पाय ठेवणार नाही, हे सुलेखाने मला लग्नाआधीच सांगितलं होतं. लग्न सोलापूरला, मे महिन्यात झाल्यामुळे मी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

"बाबा, बिटे, तू पास हो ना," ऊर्जा म्हणाली. "नाहीतर मी राउस."

बिटे म्हणजे प्लीज, राउस म्हणजे बाहेर. ती एरवी माझ्याकडे काही मागत नाही. मागते ते आईकडे, आणि माझ्याकडे फक्त वायफाय बंद पडल्याची तक्रार येते. त्यामुळे तिने 'बिटे' म्हणताच माझ्यातला बाप ताठ उभा राहिला. मी तिला शब्द दिला. मागचे दोन हिवाळे मी भाड्याच्या स्कीवर पडायला बऱ्यापैकी शिकलो होतो, आता उतरायला शिकायचं एवढंच बाकी होतं. पण ज्या दुकानातून मी त्या स्की भाड्याने आणायचो, त्यांनी टेलेमार्कचा माल ठेवणंच बंद केलं. गिऱ्हाईक नाही म्हणे. एका गिऱ्हाइकाला त्यांनी गिऱ्हाइकांत धरलंच नव्हतं, याचं मला जरा लागलं.

म्हणजे विकत घेणं आलं. आणि विकत घेणं आलं की रुंदी आली. स्कीची रुंदी मधोमध, बुटाच्या खाली मोजतात. आमच्या संस्थेत मी मोठमोठ्या यंत्रांचे आधार तपासतो, तेव्हा मिलिमीटर हे माझं घरचं माप. मला वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे.

सगळ्यात आधी मी सत्यजितला विचारलं. सत्यजित नांदेडचा, इथे कॅम्पसवर धातूंवर पीएचडी करतो आणि रविवारी आमच्याकडे वरणभात खायला येतो. त्याने आयुष्यात एकच हिवाळा स्की केलं आहे, पण व्हिडिओ सगळे बघितले आहेत.

"दादा, शंभरच्या खाली जाऊच नका," तो म्हणाला. "रुंद स्की ताज्या बर्फावर तरंगते. आल्झो, थोडक्यात, साधं फिजिक्स आहे."

"अरे, पण रिसॉर्टमध्ये बर्फ मशीनने दाबून सपाट केलेला असतो ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण कधीतरी ताजा पडेलच की. तेव्हा काय कराल?"

तेव्हा मी घरी बसेन, हे उत्तर मला त्या वेळी सुचलं नाही.

दुसरं मत तिसऱ्या मजल्यावरच्या हेर त्सेलनर, म्हणजे त्सेलनरसाहेब, यांचं. ते निवृत्त आहेत आणि आमच्या इमारतीतल्या कचऱ्याच्या वर्गीकरणावर त्यांची बारीक नजर असते. मी प्लास्टिकच्या डब्याशी उभा असताना त्यांनी न विचारता सांगितलं की स्की पासष्ट मिलिमीटरच्या वर गेली की ती स्की राहत नाही. "आमच्या वेळी त्याहून रुंद फक्त दार असायचं," ते म्हणाले, आणि माझ्या हातातल्या दह्याच्या डब्याचं झाकण वेगळं करायला लावलं.

पासष्ट आणि शंभर यांच्या मधे पुष्कळ मिलिमीटर असतात. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत विषय काढला. आमच्याकडे एरवी जेवताना कोणी कोणाशी बोलत नाही, पण त्या दिवशी टेबलावर वाद इतका रंगला की दोन माणसांनी सूप थंड केलं. जर्मन माणसाने सूप थंड करणं ही साधी गोष्ट नाही.

शेवटी मी शनिवारी म्युनिकच्या एका मोठ्या दुकानात गेलो. बरोबर सासूबाई होत्या. त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि घरात बसून त्यांना कंटाळा आला होता. दुकानातल्या पोऱ्याने मला बसवलं आणि मी प्रश्न विचारताच जर्मनीतल्या प्रत्येक तज्ज्ञाचं पहिलं उत्तर दिलं, "कॉम्ट ड्राउफ आन." म्हणजे, ते अवलंबून आहे. कुठे चालवणार, बर्फ कसा असणार, तुमचं वजन किती. वजन त्याने सासूबाईंसमोर विचारलं. मी त्याला ते हळू आवाजात सांगितलं आणि त्याने ते मोठ्या आवाजात परत विचारून खात्री करून घेतली.

मुलगा हुशार होता, हे कबूल केलं पाहिजे. त्याने मला नीट समजावलं. रिसॉर्टच्या दाबलेल्या बर्फावर स्की कडेवर तिरकी करून बर्फात रुतवावी लागते. अरुंद स्की पटकन तिरकी होते, रुंद स्कीला जोर लागतो. टेलेमार्कमध्ये तर मागच्या पायाची टाच उचललेली, जोर फक्त चवड्यावर, त्यामुळे रुंद स्की मागच्या पायाचं ऐकतच नाही. "तुम्हाला ऐंशीच्या आसपास पुरे," तो म्हणाला आणि त्याने चौऱ्याऐंशीची एक जोडी माझ्यासमोर ठेवली. शेजारी, त्याच किमतीत, एकशे सहाची जोडी उभी होती.

मी चौऱ्याऐंशीला हात घालणार, एवढ्यात सासूबाईंनी घसा साफ केला.

"श्यामकांतराव, मी मधे बोलू नये, पण भाव दोन्हीचा एकच का?"

"हो आई, एकच."

"मग कमी लाकूड कशाला घ्यायचं?"

"अहो, ते पायावर अवलंबून असतं."

"पाय कुठे पळून जातोय? जरा वाढत्या मापाची घ्या. पुढे उपयोगी पडेल. आमच्या सुलेखाला मी चपला नेहमी वाढत्या घेतल्या, तिच्या पायाला काही झालं का?"

आता वाचक म्हणतील, सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचा पाय पुढे किती वाढणार. पण वाढत्या मापाचा संस्कार असा सहजी जात नाही. माझा पाचवीचा गणवेश मला सातवीत बसला. माझी मुंजीतली टोपी मी कॉलेजात घालू शकलो असतो. ज्या वर्षी घेतली त्याच वर्षी नीट बसली अशी वस्तू आमच्या घरात कोणी आणली तर आई तिच्याकडे संशयाने बघायची, दुकानदाराने कापड मारलं म्हणून. वर माझा धंदाही तसाच. कुठलाही आधार हिशेबाने लागतो त्याच्या दीडपट धरायचा, ही नोकरीतली सवय. सासूबाई आणि अभियांत्रिकी या दोन्ही शक्ती एकाच बाजूला उभ्या राहिल्यावर त्या बिचाऱ्या पोऱ्याचं काय चालणार? मी एकशे सहा घेतल्या. त्याने माझ्याकडे एकदा आणि सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि पावती फाडली.

पुढच्याच आठवड्यात खंडेनवमी होती. सासूबाईंनी लॅपटॉप, मिक्सर, ऊर्जाची सायकल आणि माझ्या स्की अशी सगळी शस्त्रं हॉलमध्ये मांडली. स्कीला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला. झेंडू इथे मिळवायचा म्हणजे काय दिव्य आहे ते मी सांगत बसत नाही. पूजा झाली आणि मी त्या स्की बाइंडिंग बसवायला घेऊन निघालो. बाइंडिंग म्हणजे बूट अडकवायचा साचा. तो स्कीला भोकं पाडून बसवावा लागतो.

पहिल्या दुकानाने टेलेमार्क म्हटल्यावर हात वर केले. हाफ्टुंग, म्हणाले. म्हणजे काही झालं तर जबाबदारी कोणाची. दुसऱ्या दुकानानेही हाफ्टुंग म्हटलं. तिसऱ्या ठिकाणी एक दाढीवाले गृहस्थ तयार झाले, पण स्की उलटीपालटी करून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हा गंज कसा? नव्या आहेत ना?"

"गंज नाही, कुंकू आहे."

"ते काय करतं?"

मी थोडा विचार करून सांगितलं की ते सुरक्षिततेसाठी असतं. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सुरक्षिततेसाठी असलेली गोष्ट जर्मन माणूस पुसत नाही. ते ठिपके आजही स्कीवर आहेत.

बाइंडिंग बसलं तर ब्रेक बसेना. स्की पायातून सुटली तर ती एकटीच डोंगर उतरू नये म्हणून दोन्ही बाजूंना दोन दांड्या असतात. बाइंडिंगबरोबर आलेल्या दांड्या माझ्या स्कीच्या रुंदीपुढे तोकड्या पडल्या. सदरा वाढत्या मापाचा आणि बटणं जुन्या अंगाची, असा प्रकार झाला. रुंद दांड्या मागवाव्या लागल्या. त्या कधी येतील असं विचारल्यावर दाढीवाले म्हणाले, ते अवलंबून आहे.

तोवर स्की ठेवायच्या कुठे? तळघरात इमारतीचा सामाईक लाकडी स्टँड आहे, त्याच्या खाचा हेर त्सेलनर यांच्या तरुणपणच्या. माझ्या स्की त्यात शिरेनात. मी त्या जिन्यात भिंतीला टेकवून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांवर चिठ्ठी लागली: हा आग लागल्यास पळण्याचा मार्ग आहे, येथे वस्तू ठेवू नयेत. खाली सही नव्हती, पण अक्षर कचऱ्याच्या डब्यावरच्या सूचनेचंच होतं. मी स्की बाल्कनीत नेल्या. पाऊस लागेल म्हणून सुलेखाने त्या हॉलमध्ये आणल्या. हॉलमध्ये येता-जाता तिच्याच पायात आल्या, म्हणून अखेर आमच्या पलंगाखाली गेल्या, आणि उशाकडून वीतभर बाहेर राहिल्या. डिसेंबरभर रोज सकाळी उठताना माझी पहिली गाठ त्यांच्याशी आणि माझ्या नडगीशी पडत असे.

दरम्यान फेराइनने कळवलं की मुलांबरोबर जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या चारित्र्याचा सरकारी दाखला आणावा. याला काहीच हरकत नव्हती. माझं चारित्र्य दाखवण्याची संधी मला एरवी कोण देतो? पण तो मागायला नगरपालिकेत गेल्यावर तिथल्या बाईंनी फेराइनचं पत्र मागितलं. फेराइनचे सचिव म्हणाले, पत्र परीक्षा पास झालेल्यांनाच देतो. आणि परीक्षेला बसायचं तर दाखला हवा, असं त्यांच्याच नियमात लिहिलेलं. मी सचिवांना हे दाखवलं. त्यांनी नियम दोनदा वाचला, समाधानाने हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे." मला वाटलं होतं ते 'चूक आहे' म्हणतील. शेवटी सुलेखाने त्यांना फोन केला. ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे मोठमोठ्या डॉक्टरांना ती रिपोर्टसाठी रांगेत उभं करते. पत्र त्याच दिवशी आलं.

नाताळच्या सुट्टीत ब्रेकच्या दांड्या आल्या आणि मग आठवलं की स्कीच्या तळाला मेण लावायला हवं. मेण इस्त्रीने लावतात. त्यासाठी वेगळी इस्त्री मिळते, असं मला नंतर कळलं. मी घरची वापरली. सासूबाईंनी मेण पातळ करून दिलं, कडेला ओघळलेलं उलथन्याने खरवडलं, आणि "पुरणाला असंच सैल लागतं" असं सांगत माझ्या हातातून काम काढूनच घेतलं. तळ आरशासारखा झाला. सोमवारी सुलेखाने त्याच इस्त्रीने आपल्या पांढऱ्या कोटाला इस्त्री केली. त्या कोटावर पाणी ठरेना. रक्ताचा थेंबही ठरणार नाही, हा फायदा मी तिच्या लक्षात आणून दिला. तो आणायला नको होता.

परीक्षेचा शनिवार उजाडला. फेराइनची बस पहाटेच निघाली. ऊर्जा मैत्रिणींबरोबर मागे बसली होती आणि बसमध्ये शिरताना मला हळूच म्हणाली, "बाबा, पडलास तर ते 'आई गं' जोरात ओरडू नकोस हं. बिटे." मी तिला हसून मान डोलावली. वाटेत ती काचेतून डोंगरांकडे बघत होती. तिच्या मांडीवर गटाचं निळं जॅकेट होतं, त्यावर तिचं नाव शिवलेलं. हे जॅकेट माझ्यामुळे कपाटात गेलं तर मी तिला तोंड कसं दाखवणार, हा एकच विचार मी बवेरियाच्या अर्ध्या रस्त्यावर करत होतो.

बर्फाने माझं स्वागत केलं नाही. आठवडाभर नवा बर्फ पडला नव्हता आणि थंडी कडक होती. पिस्ट शहाबादी फरशीसारखी झाली होती. सत्यजितच्या ताज्या बर्फाचा कुठे मागमूस नव्हता. माझ्या स्की मी पायांत घातल्या तेव्हा फेराइनच्या दोघातिघांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. ट्रेनरबाई फ्राउ वीझिंगर, साठीच्या, बारीक, सुपारी फोडावी तशा आवाजाच्या, माझ्या स्कीकडे बघून फक्त "आहा" म्हणाल्या.

शेजारी डॉक्टर ब्रांडल उभे होते. त्यांच्या स्की अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांनी सरावाला एक फेरी मारली. काय सांगू? गुडघा बर्फाला जेमतेम टेकतोय न टेकतोय, पाठ ताठ, वळणामागून वळण. पोरं बघत राहिली. मग मी सरावाला निघालो. पहिल्या वळणाला मी मागचा पाय वाकवला, स्की तिरकी केली, निदान तसा विचार केला. पुढची स्की वळली. मागची सरळ निघाली. एकशे सहा मिलिमीटरचं ते फळकूट माझ्या चवड्याला जुमानतच नव्हतं. मी आडवा घसरत पिस्टच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलो आणि तिथे बसलो. 'आई गं' मी दाबून म्हटलं, पण त्या डोंगराला प्रतिध्वनी होता. ऊर्जा लगेच पाठ फिरवून आपला बूट बांधायला लागली. तो बांधलेलाच होता.

आता खरी परीक्षा. सात मुलं, मी आणि डॉक्टर, असे सगळे वरून निघून मधल्या झोपडीपर्यंत यायचं. फ्राउ वीझिंगर खाली झोपडीशी उभ्या. त्यांनी नियम एवढाच सांगितला, "गटाबरोबर या." शिट्टी झाली.

डॉक्टर पक्ष्यासारखे निघाले. पोरं त्यांच्या मागून, ऊर्जा पोरांमध्ये. मी सगळ्यांच्या शेवटी, कारण मला दुसरं काही शक्यच नव्हतं. वळायचा नाद मी सोडला आणि आडवा घसरत, थांबत, बसत, उठत निघालो. आडवं घसरायला रुंद स्की फार सोयीची, एवढं तिच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. वाटेत मला एक काठी सापडली, ती उचलली. थोडं खाली कोणाचा तरी हातमोजा होता, तोही घेतला. कशाला टाकायचा, चांगला होता. मग एका वळणापलीकडे मी पडलो, आणि उठताना पाहिलं तर माझ्या थोडी खाली गटातली सगळ्यात लहान पोर, लेनी, बर्फात बसून मुसमुसत होती. एक हात उघडा, काठी एकच. बाकी सगळे पुढे निघून गेले होते.

"इश कान निश्ट," ती म्हणाली. मला जमत नाही.

"मलाही नाही," मी म्हटलं. हे मी इतक्या मनापासून म्हटलं की तिने रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मी तिला हातमोजा घातला. हात बर्फासारखा गार पडला होता, तो थोडा वेळ माझ्या दोन्ही हातांत धरला. काठी दिली. आणि मग तिला उठायला शिकवलं. उतरण्याबद्दल मी कोणाला काही सांगू नये, पण पडल्यावर उठण्यात माझा अनुभव दांडगा आहे. आधी दोन्ही स्की उताराला आडव्या, मग गुडघे पोटाशी, मग हात टेकून कूस बदलायची, घाई नाही. ती पहिल्याच झटक्यात उठली. मला दोनदा करावं लागलं. "आल्झो," मी म्हटलं, "आता तू पुढे हो. मी मागे आहे."

ती पुढे आणि मी मागे, असे आम्ही हळूहळू झोपडीशी पोचलो. ती थांबली की मी थांबायचो. मी पडलो की ती थांबायची. सगळे आमची वाट बघत होते. मी माझ्या परीने मान खाली घालून उभा राहिलो. ऊर्जाकडे बघायचा धीर होईना. तीन महिने, एवढे लोक, एवढी मतं, आणि मी शेवटचा आलो होतो, तोही बराच शेवटचा.

फ्राउ वीझिंगर पहिल्यांदा डॉक्टरांकडे वळल्या.

"हेर डॉक्टर, फार सुंदर. गट कुठे होता?"

"मागून येत होता की," डॉक्टर म्हणाले.

"गेनाऊ. आणि मागे कोणी पडलं तर तुम्ही काय करणार? डोंगर चढून जाणार?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि, रोज दुसऱ्यांना सांगतात तसं, ते बराच वेळ उघडंच ठेवलं.

"सांभाळणारा माणूस सगळ्यात शेवटी येतो," फ्राउ वीझिंगर म्हणाल्या. "त्याच्या मागे एकही मूल राहता कामा नये. तुम्ही पुढच्या शनिवारी परत या. हेर..." त्यांनी कागदावर माझं नाव शोधलं, श्यामकांतवर अडखळल्या, आणि नाद सोडून माझ्याकडे बोट केलं. "तुम्ही पास."

मला ऐकू आलं, पण पोचायला वेळ लागला. मग मी तिथेच बर्फात बसलो. या वेळी पडलो नाही, नुसता बसलो. इतकं बरं मला जर्मनीत कायम राहण्याचा परवाना मिळाला तेव्हाही वाटलं नव्हतं. पोरं हसायला लागली. त्यात ऊर्जाचा आवाज होता, आणि ती माझ्याकडे तोंड करून हसत होती.

फ्राउ वीझिंगर जाता जाता थांबल्या. माझ्या स्कीला त्यांनी आपल्या काठीने टोचलं. "पण या घेऊन पुन्हा येऊ नका. पिस्टवर टेलेमार्कला ऐंशी, पंच्याऐंशी, बास. गुडघे जातील तुमचे." त्यांचं लक्ष कुंकवाच्या ठिपक्यांकडे गेलं, पण त्यांनी काही विचारलं नाही.

परत वर जायला आम्ही लिफ्टच्या खुर्चीत बसलो, ऊर्जा आणि मी दोघंच. खाली झाडं, वर ऊन, पाय लोंबकळते. ती पहिल्यांदाच माझ्याबरोबर लिफ्टमध्ये बसली होती, एरवी मैत्रिणी असतात.

"मग आता चौऱ्याऐंशीच्या घेऊन टाकतो," मी म्हटलं. "त्या पोऱ्याचं ऐकायला हवं होतं. बघ मग मी कसा येतो."

"त्याच्यावर तू श्नेलर होशील? म्हणजे फास्ट?"

"होईन की. अगदी डॉक्टरांसारखा नाही, पण होईन."

तिने गॉगल वर केला आणि माझ्या पायांतल्या त्या दोन फळ्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"पण मग तू माझ्या मागे नसशील," ती म्हणाली. "नको घेऊस."

तीन महिन्यांत रुंदीवर मिळालेल्या सगळ्या मतांत हे एक मला ताबडतोब पटलं. मी मान वळवून झाडांकडे बघू लागलो, आणि इतक्या समाधानाने बघत राहिलो की उतरायची जागा येऊन गेली, ऊर्जा उतरली, आणि मी खुर्चीसकट पुढे निघाल्यामुळे लिफ्टवाल्याला अख्खी लिफ्ट थांबवावी लागली.